हजार रुपयांची गोष्ट

(धाराशिव जिल्ह्यातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी तुळजापूर तालुक्यातली. 1998 ते 2004 अशी सहा वर्षं सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात काम केलं. सासू अंथरुणाला खिळली म्हणून काम सोडून गावी आले. तेव्हा फंडाचे पैसे काढायचे ठरले. घरात बोअर मारायचा होता. मालक म्हणाले, "सगळंच उचल, त्या पेन्शनचं काय घेऊन बसलीस, आठशे-हजार मिळाले तर मिळाले." मालक म्हणजे आमचे हे.

मलाही पटलं होतं, खोटं कशाला सांगू? पण युनियनमधल्या एका बाईंनी फॉर्म वाचून दाखवला. पेन्शन योजना 16 नोव्हेंबर 1995 पासूनची. कारखानदार आपल्या पगारावर जे 12 टक्के भरतो, त्यातले 8.33 टक्के या पेन्शनमध्ये जातात. आपल्या पगारातून कापलेले वेगळे, ते फंडात. दहा वर्षं पूर्ण नसली तर एकाच फॉर्मवर दोन वाटा असतात: पैसे काढा, नाहीतर दाखला घ्या. पैसे काढले की ती वर्षं पुसली. दाखला घेतला तर पुढच्या नोकरीत जोडता येतात, आणि मधे आपलं बरंवाईट झालं तर घरच्यांना पेन्शन लागू होते.

मी फंड उचलला, बोअरला दिला (पाणी लागलं नाही, ते जाऊ द्या). दाखला मात्र ट्रंकेत ठेवला. त्यावरून महिनाभर अबोला होता.

2011 ते 2016 लातूरला डाळ मिलमध्ये होते. सहा आणि पाच, अकरा झाली. अडचण आली ती नावाची. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. पुरुषाला कधी असा पुरावा द्यावा लागतो का, की मी तोच आहे? पहिला कारखाना बंद पडलेला, सही कुणाची घ्यायची? अशा वेळी अधिकृत अधिकाऱ्याची सही चालते, हे कळायलाच चार खेपा गेल्या.

2024 साली अठ्ठावन्न पूर्ण झाली. सरासरी पगार पाच हजार, गुणिले अकरा, भागिले सत्तर. सातशे पंच्याऐंशी. 2014 पासून किमान हजार ठरलेले, म्हणून हजार मिळतात. अकरा वर्षांच्या कामाची किंमत म्हणून ही थट्टाच आहे. पेन्शनर साडेसात हजार मागतात ते काही चैनीसाठी नाही. पण हजार माझ्या खात्यात येतात. मुलगा म्हणाला, खातं जोडीचं करू. मी नको म्हटलं.

आणखी एक. नवऱ्याने टाकलेल्या, पण कायदेशीर फारकत न झालेल्या बायका इथे बसल्या आहेत. तुमचा नवरा असा पेन्शनचा सभासद असेल आणि वारला, तर विधवा पेन्शनवर हक्क तुमचा आहे, त्याने मागाहून घरात आणलेल्या बाईचा नाही. दुसरं लग्न केलं तर मात्र ती बंद होते. आणि हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यायचाच.

माझा जुना दाखला आणि नावाच्या दुरुस्तीचे कागद पिशवीत आणले आहेत. ज्यांच्या घरी कारखान्याची जुनी पावती, पगाराची चिठ्ठी असेल, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत त्या झाडाखाली बसू.