ज्यांचा टाळ वाजत नाही



दिंडीची शंभरी भरली. आज सगळे तिची थोरवी सांगतील, आणि सांगावीच. आम्हाला मात्र एक चूक सांगायचीय. ती कुणा एकट्याची नाही, आम्हा सगळ्यांची आहे.

पुण्याहून सासवडचा टप्पा बहुधा एकादशीला येतो. वाट लांबची, त्यात दिवे घाट. त्या दिवशी दिंडीत भगर-आमटी, साबुदाणा असा फराळ असतो. एका वर्षी आमच्यातली एक मावशी ट्रकाच्या आडोशाला भाकरी खाताना कुणाला तरी दिसली. झालं! गळ्यात माळ आणि एकादशीला भाकरी? जेजुरी येईतो गोष्ट दिंडीभर झाली. कुणी म्हणालं, जिभेचे चोचले. कुणी म्हणालं, वारी नुसती मिरवायला. विचारलं मात्र कुणीच नाही. पंगतीत तिच्या शेजारची जागा तेवढी रिकामी राहू लागली.

पुढच्या वर्षी मावशी आली. एकादशीला तिनं भाकरी खाल्ली नाही. काहीच खाल्लं नाही. घाटाच्या मध्यावर तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं, ती मटकन खाली बसली. पिशवीत मधुमेहाच्या गोळ्या निघाल्या. सकाळची गोळी घेतलेली आणि पोटात अन्न नाही, म्हणून साखर उतरली होती. शुद्ध होती म्हणून साखरपाणी पाजता आलं. थोडक्यात निभावलं.

"मावशी, सांगायचं नाही का?" आम्ही म्हणालो.

"सांगितलं असतं की बाबांनो. पण तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही तर ठरवूनच टाकलं होतंत."

मुक्कामी समाजआरतीला चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार, तिचेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिचं म्हणणं आधी ऐकतात, निवाडा मागून. ही रीत आम्ही डोळ्यांनी बघतो अन् आपल्याच राहुटीत विसरतो. शिवाय ज्याला लाज वाटते, त्याचा टाळ वाजतच नाही. त्याच्यापाशी आपणच जायला हवं. पण काळजीनं विचारावं, जाब मागू नये.

आणखी एक. आजार कळल्यावर आम्ही हळहळलो. पण आजार नसता, तर आमचं बोलणं बरोबर ठरलं असतं का? वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, तेव्हा समोरच्याला काही कारण विचारतो का? मग भाकरीलाच कारण कशाला मागायचं?

आता एकादशीला आमचे आचारी थोड्या भाकऱ्या थापून झाकून ठेवतात. ज्याला लागेल तो घेतो. कुणी घेतली, हे कुणी बघत नाही. मावशी अजून येते, आणि पंगतीत तिच्या शेजारी बसायला जागा मिळत नाही.

शंभर वर्षं दिंडी चालली. हे एक पाऊल उशिरा पडलं, पण पडलं, ही माउलींची कृपा.

रामकृष्ण हरी!