जुना वायरलेस सेट तपासताना

पावसाळ्यात टोकावड्यापासून माळशेजकडे जाताना काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. दरड आली की रस्ता बंद, वीज गेली की थोड्या वेळात मोबाईलचा टॉवरही मुका. घरात बाळंतीण असली, कुणाला साप चावला, तर निरोप द्यायचा कसा?

२६ डिसेंबर २००४ ला अंदमानात त्सुनामी आली, तेव्हा हौशी रेडिओवाल्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. फोन बंद पडले, पण त्यांच्या सेटवरून लोकांची खुशाली घरच्यांपर्यंत पोचली. असा सेट वापरायला केंद्र सरकारची परीक्षा आणि परवाना लागतो. म्हणून आम्ही एका परवानाधारक ताईंचा जुना सेट तपासताना शेजारी बसून शिकलो. बटण त्यांनीच दाबलं, वही आम्ही धरली.

या सेटवरून बोलता येतं, तसं संगणक जोडून लिहिलेला निरोपही पाठवता येतो. त्याला पॅकेट रेडिओ म्हणतात. निरोपाचे तुकडे होतात, प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. संगणक ते दोन सुरांत वाजवतो, एक १२०० हर्ट्झचा, दुसरा २२०० चा. फोटो जाणार नाही, दोन ओळी सहज जातात.

आता तपासणी. आधी वायर, फ्यूज आणि जळका वास बघायचा. मोटारीतल्या अशा सेटला १३.८ व्होल्ट डीसी लागतात, घरातल्या प्लगची वीज थेट द्यायची नाही. मग नुसतं ऐकायचं. पाठवून बघताना एरियलच्या जागी ५० ओहमचा डमी लोड लावायचा. काहीच न लावता पाठवलं तर आतला ट्रान्झिस्टर जळू शकतो.

खरी परीक्षा पुढे आहे. बोलताना एखादा शब्द तुटला तरी आपला कान तो जुळवून घेतो. संगणक घेत नाही. एक खूण चुकली की अख्खा तुकडा फेकून देतो. जुना सेट ऐकण्यावरून पाठवण्यावर यायला वेळ घेतो, तेवढ्यात निरोपाचं तोंड कापलं जातं. म्हणून सुरुवातीला थोडा वेळ नुसता सूर सोडतात. साधारण ३०० मिलिसेकंद ठेवून बघायचं, तुकडे पोचले नाहीत तर थोडं थोडं वाढवायचं. आवाजही बेताचा हवा. फार मोठा केला की सूर फाटतात. दुसऱ्या सेटवर ऐकून दहा तुकडे पाठवायचे आणि किती पोचले ते लिहायचं. बोलणं स्वच्छ ऐकू आलं म्हणून सेट पास झाला, असं समजायचं नाही.

एक ध्यानात ठेवा, या लहरींना डोंगर आडवा येतो. म्हणून घरात पास झालेला सेट पाड्यावरूनही तपासावा लागतो, तोही पावसाआधी.

बाराव्या वर्षापासून ही परीक्षा देता येते. गटातल्या कुणाच्या लेकीला आवड असेल, तर पुढच्या बैठकीला तिला घेऊन या.