न दिसणाऱ्या माई
(मंडळाच्या चित्रपट-गप्पांच्या कार्यक्रमातील भाषण)



गेल्या वेळी आम्ही सात-आठ जणांनी मिळून चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ पाहिला, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. पण आमचा वाद पुरस्कारावरून झाला नाही, तो माईंवरून झाला. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शरद नेरुळकर हा मुंबईतला तरुण शास्त्रीय गायक. वडिलांनी लहानपणीच त्याला रियाजाला बसवलेलं, खेळायला बोलावणारी मुलं खाली वाट पाहत राहिलेली. त्याच्या गुरुजींच्या गुरू म्हणजे माई. त्या प्रत्यक्ष कधीच दिसत नाहीत. शरद रात्री मोटरसायकलवरून रिकाम्या रस्त्यांनी जातो, कानात त्यांच्या व्याख्यानांच्या टेप्स, मागे तानपुरा. गाणं ही साधना आहे, एकटं राहायची आणि उपाशी राहायची तयारी हवी, श्रोत्यांसाठी गायचं नसतं, अशा अर्थाचं त्या बोलतात. आवाज सुमित्रा भावे यांचा. ‘दोघी’, ‘देवराई’, ‘कासव’ करणाऱ्या सुमित्राताई १९ एप्रिल २०२१ रोजी गेल्या आणि ३० तारखेला चित्रपट घरोघरी पोचला. म्हणजे आपण पाहायला बसलो तेव्हा ऐकणाऱ्याला खरोखरच मागे राहिलेला आवाज ऐकू येत होता. हा योगायोगच, पण तो मनातून जात नाही.

आमच्यात दोन तट पडले. एक म्हणाला, माई म्हणजे आदर्श, शरद त्यांना पुरा पडला नाही. दुसरा म्हणाला, माई म्हणजे भूल, तिच्यापायी पोराचं तारुण्य गेलं. दुसऱ्या तटाने त्या जुन्या संग्राहक-समीक्षकाच्या प्रसंगाचा आधार घेतला. तो शरदला माईंबद्दल नको ते ऐकवतो, आणि शरद ग्लासातलं त्याच्या तोंडावर फेकतो. तो खरं बोलतो की खोटं, हे चित्रपट ठरवून देत नाही. आमच्या मते तिथे खरंखोटं शोधण्यात अर्थही नाही. शरदला राग येतो तो माईंची बदनामी झाली एवढ्यासाठीच नव्हे. माई खाली आल्या तर त्याची इतकी वर्षंही त्यांच्याबरोबर खाली येतात.

खूप बोलून झाल्यावर आम्हाला तिसरंच काहीतरी दिसायला लागलं. माईंचं बोलणं खोटं नाही. ते टेपवर आहे, एवढीच अडचण आहे. समोर बसलेला गुरू आधी शिष्याचा गळा ऐकतो, मग बोलतो. एकाला ‘अजून थांब’ म्हणतो, दुसऱ्याला ‘हे सोड, ठुमरी गा’ म्हणतो, तिसऱ्याला कदाचित ‘बाबा, नोकरी बघ’ असंही म्हणतो. टेपवरच्या माईंनी शरदला कधी ऐकलेलंच नाही. जे कोणाला तरी, कधीतरी सांगितलं, तेच त्या त्याला रोज रात्री सांगतात. आजारी गुरुजी मात्र समोर आहेत. शरद त्यांचे पाय चेपतो, औषधपाणी बघतो. ते फार बोलत नाहीत, पण चूक झाली की सांगतात. अरुण द्रविड स्वतः गवई असल्यामुळे ते थांबवणं खरं वाटतं. शरद मात्र गुरुजींच्या टोकण्यापेक्षा टेपवर जास्त विश्वास ठेवतो. न दिसणारा गुरू सोयीचाही असतो, तो आपल्याला नापास करत नाही.

आपल्या माळव्यात याला एक उलटा दाखला आहे. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड्स ऐकून हुबेहूब गात. सगळी दुनिया थक्क. तरी त्यांना मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकायला पाठवलंच. पुढे देवासला आल्यावर त्यांनी जे गायलं ते कोणत्याच रेकॉर्डवर नव्हतं.

हे सगळं आम्ही मोठ्या तोऱ्यात बोलत होतो. आमच्यातल्या एक काकू, ज्यांच्या घरी चाळीस वर्षं तानपुरा खाली ठेवला गेला नाही, त्या मध्येच उठून गेल्या. आम्हाला वाटलं, कंटाळल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “अरे, माझ्या गुरुजींनीही हेच सांगितलं होतं. मंचावर जाऊ नकोस म्हणाले, मी गेले नाही. आता या वयात, त्यांनी माझा गळा ऐकून सांगितलं होतं की सगळ्यांनाच सांगत होते, हे मी कोणाला विचारू?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. फोनवर बराच वेळ कोणीच बोललं नाही.

शेवटचा प्रसंग आठवा. शरदचं गाणं सुटलेलं आहे. बायको आणि लहान मुलीबरोबर तो लोकलमध्ये बसला आहे. डब्यात एक फिरस्ता गात येतो, त्याचं नाव-गाव काही कळत नाही. शरद ऐकतो. त्या वेळी माई बोलत नाहीत. तो चेहरा सुटल्याचा होता की हरल्याचा, यावर आमचं अजून एकमत नाही.

काकूंकडे हल्ली दर बुधवारी दोन मुली शिकायला येतात. मोबाईलवर टेप करू का, असं त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, “करा. पण पुढच्या बुधवारी आधी तुम्ही गायचं, मग मी.”