बैठकीची वेळ



वस्तीत नळ-नालीवर बैठक बोलावली की आम्ही पुरुषच जमायचो. बाया येत नाहीत म्हणून त्यांनाच बोल लावायचो. एका माउलीनं सुनावलं, "तुमची बैठक असती तवाच नळाला पाणी येतं!" आमची मान खाली गेली.

महाड नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. पाणी ओंजळीत आलं ते २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांबरोबर लोक तळ्यात उतरले तेव्हा. ७४ व्या घटनादुरुस्तीनं वॉर्ड समित्या सक्तीच्या झाल्या, पण ३ लाख वा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांनाच. आपली पाथरी त्यात कुठं बसते? तेव्हा बैठक आपणच धरायची, पण पाणी भरून झाल्यावर, वंदनेनंतर. अर्जाच्या दोन प्रती, एकीवर पोचेचा शिक्का. पहिली सही त्या माउलीची.