एका दिवसात २१६ टॉर्नेडो: इशारा वेळेत आला होता, मग काय चुकलं?

आजचा विषय टॉर्नेडो. पण आधी एक शब्दांचा घोळ मिटवून टाकू, कारण आपल्याकडे बातम्यांत सायक्लोनलाही चक्रीवादळ म्हणतात आणि टॉर्नेडोलाही. निसर्ग, तौक्ते ही सायक्लोन. समुद्रावर जन्मतात, शेकडो किलोमीटर पसरतात, आणि येणार हे काही दिवस आधी कळतं. टॉर्नेडो म्हणजे वादळी ढगातून थेट जमिनीला टेकलेला हवेचा फिरता खांब. रुंदी काही मीटरपासून दोन-तीन किलोमीटरपर्यंत, आणि आयुष्य बहुतेक वेळा काही मिनिटांचं. आपली वावटळ त्याच्यासारखी दिसते खरी, पण ती तापलेल्या जमिनीवरून उठते. हा ढगातून येतो.

आता आकडे. २५ ते २८ एप्रिल २०११ या चार दिवसांत अमेरिकेत, मुख्यतः दक्षिणेकडच्या राज्यांत, ३६० टॉर्नेडो आले. त्यातले २१६ एकट्या २७ एप्रिलला. एका दिवसाचा हा विक्रम आहे. त्या एका दिवसात ३१६ माणसं गेली, बहुतेक अलाबामा राज्यात. नुकसान सुमारे १० अब्ज डॉलर.

मी दिवसभर सॉफ्टवेअरमध्ये असतो, त्यामुळे एवढा मोठा घोटाळा झाला की माझा पहिला प्रश्न असतो, "अलर्ट आला होता का?" आणि इथेच ही गोष्ट विचित्र होते. अलर्ट आला होता. ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावी स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आहे. त्यांनी काही दिवस आधीच या भागावर बोट ठेवलं होतं, आणि त्या दिवशी 'हाय रिस्क', म्हणजे त्यांच्या यादीतली सगळ्यात वरची पायरी, जाहीर केली होती. प्रत्येक टॉर्नेडोसाठी वेगळा इशारा निघतो. त्या दिवशी तो सरासरी वीस मिनिटांहून जास्त आधी निघाला. टॉर्नेडोच्या बाबतीत वीस मिनिटं म्हणजे खूप झाली.

तुलनेसाठी १९७४ बघा. ३ आणि ४ एप्रिलला १४८ टॉर्नेडो आले, ३०० हून जास्त मृत्यू झाले. तेव्हा हवामान खात्याकडे डॉपलर रडारचं जाळं नव्हतं, इंटरनेट नव्हतं, खिशात फोन नव्हता. ३७ वर्षांनी हे सगळं होतं, तरी मृतांचा आकडा जवळपास तोच. मधल्या काळात लोकसंख्या वाढली, शहरं पसरली, त्यामुळे ही तुलना सरळसोट नाही हे मान्य. पण टोचते.

हे टॉर्नेडो होतात कसे, ते थोडक्यात. मेक्सिकोच्या आखातावरून गरम, दमट हवा जमिनीलगत येते. वर, काही किलोमीटर उंचीवर, थंड आणि कोरडा वारा वेगळ्याच दिशेने, प्रचंड वेगात धावत असतो. खालचा वारा सावकाश, वरचा सुसाट. मधली हवा त्यामुळे पोळपाटावरच्या लाटण्यासारखी आडवी फिरायला लागते. गरम हवा जोरात वर चढताना या आडव्या लाटण्याला उचलून उभं करते. मग आख्खा ढगच फिरायला लागतो. त्याला सुपरसेल म्हणतात. प्रत्येक सुपरसेल टॉर्नेडो देत नाही. पण २७ एप्रिलला खालची ऊर्जा आणि वरचा वारा दोन्ही टोकाला होते, आणि असे ढग एकामागून एक रांगेत येत राहिले.

टॉर्नेडोची ताकद ईएफ-० ते ईएफ-५ अशी मोजतात. यातला एफ म्हणजे टेड फुजिता, जपानी शास्त्रज्ञ. हिरोशिमा-नागासाकीवर बॉम्ब पडल्यावर तिथली पडझड त्यांनी जाऊन पाहिली होती. पुढे शिकागोत बसून त्यांनी टॉर्नेडोची पडझड वाचायची पद्धत बसवली. आत वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र टिकत नाही, म्हणून काय काय मोडलं यावरून वेग ठरवायचा. ईएफ-५ म्हणजे ताशी ३२२ किलोमीटरच्या वर. एखादं वर्ष असा एकही येत नाही. त्या एका दिवशी चार आले. मिसिसिपीतल्या फिलाडेल्फिया गावाजवळच्या टॉर्नेडोने तर एका ठिकाणी जमीनच दोन फूट खोल खरवडून काढली.

आता मूळ प्रश्न. इशारा होता, मग माणसं का गेली?

पहिलं कारण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. त्या दिवशी वादळं दोन हप्त्यांत आली. पहाटे एक पट्टा आला, त्या मानाने सौम्य. पण त्याने लाखभराहून जास्त घरांची वीज घालवली. काही ठिकाणचे वेदर रेडिओचे ट्रान्समीटरही बंद पडले. वेदर रेडिओ म्हणजे घरात ठेवायचा छोटा डबा, इशारा आला की आपोआप कोकलणारा. दुपारी आणि संध्याकाळी खरं संकट आलं तेव्हा बऱ्याच घरांत टीव्ही बंद, इंटरनेट बंद, रेडिओ गप्प. काहींना वाटलं, सकाळी येऊन गेलं ना, संपलं. आमच्या भाषेत सांगायचं तर मोठा हल्ला व्हायच्या आधी मॉनिटरिंग सिस्टीमच झोपली होती.

दुसरं कारण तुमच्या-माझ्या ओळखीचं आहे. त्या काळात अमेरिकेत टॉर्नेडोच्या दर चार इशाऱ्यांपैकी साधारण तीन फुसके ठरायचे. त्यात सायरन. २००७ पासून हवामान खातं नकाशावर नेमका तुकडा आखून इशारा द्यायला लागलं होतं, पण अनेक ठिकाणी भोंगे अजूनही आख्ख्या काउंटीत वाजायचे. वादळ तीस किलोमीटरवर, आणि भोंगा तुमच्या डोक्यावर. असं दहा वेळा झालं की माणूस काय करतो? खिडकीपाशी जाऊन बघतो. टीव्ही लावतो. मावशीला फोन करतो. म्हणजे खात्री करून घेण्यातच वेळ जातो. ऑन-कॉल असताना रात्री तीनला उगाच वाजणारा अलर्ट ज्याने पाच वेळा म्यूट केलाय, त्याने या लोकांना नावं ठेवू नयेत. सिमन्स आणि सटर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्येच दाखवलं होतं की जिथे फुसके इशारे जास्त, तिथे टॉर्नेडोत जास्त माणसं मरतात आणि जखमी होतात.

बर्मिंगहॅमचे टीव्हीवरचे हवामानतज्ज्ञ जेम्स स्पॅन या 'भोंगा वाजला की बघू' वृत्तीवर वर्षानुवर्षं चिडून बोलत आलेत. त्यांचं म्हणणं सोपं आहे: भोंगे बाहेर असलेल्या लोकांसाठी असतात, बंद घरात झोपलेल्या माणसासाठी नाही. २७ एप्रिलच्या संध्याकाळी टस्कलूसा शहरात शिरणारा टॉर्नेडो टॉवरवरच्या कॅमेऱ्यातून लाइव्ह दिसत होता आणि स्पॅन बोलत होते. आधी न हललेले कितीतरी लोक तो चालता काळा डोंगर पडद्यावर बघून उठले असणार. पण ज्यांची वीज सकाळीच गेली होती, त्यांना तो दिसलाच नाही. त्या टॉर्नेडोने ६० हून जास्त माणसं मारली. वाटेत टस्कलूसा काउंटीच्या आपत्कालीन यंत्रणेची इमारतही उद्ध्वस्त केली. मदत जिथून हलायची, तेच ऑफिस गेलं.

तिसरं कारण तंत्रज्ञानाचं नाहीच. इशारा मिळाला, विश्वासही बसला, पण जायचं कुठे? अलाबामात अनेकांची घरं म्हणजे मोबाइल होम, कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेली. ती कमी ताकदीच्या टॉर्नेडोतही उलटतात. तळघरं तिकडे फार नाहीत. आणि ईएफ-५ आला तर पक्क्या घराचंही फक्त जोतं उरतं. हॅकलबर्ग आणि फिल कॅम्बेल या छोट्या गावांवरून गेलेला टॉर्नेडो सुमारे २१२ किलोमीटर जमिनीवर चालत राहिला. पुण्याहून नाशिकला जाण्याएवढं अंतर. त्यात ७२ जण गेले. हॅकलबर्गमधलं रँग्लर जीन्सचं मोठं वितरण केंद्र, गावाचा मुख्य रोजगार, आडवं झालं. वेळेवर आलेली नोटिफिकेशन इथे काय करणार? इथे भूमिगत निवारा लागतो, आणि त्याला पैसे लागतात.

एक गोष्ट मात्र नीट चालली. त्याच संध्याकाळी ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राचा बाहेरचा वीजपुरवठा तुटला. फुकुशिमाला जेमतेम सात आठवडे झाले होते. तिन्ही अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या, डिझेल जनरेटर सुरू झाले, काही अनर्थ झाला नाही. बॅकअपवर खर्च कशाला करायचा असं मीटिंगमध्ये कुणी विचारलं तर हे उदाहरण खिशात असू द्या.

पुढे बदल झाले. २२ मे २०११ ला मिझुरीतल्या जॉपलिन शहरात एकाच टॉर्नेडोत दीडशेहून जास्त माणसं गेल्यावर तर व्हावेच लागले. २०१२ पासून इशाऱ्याची भाषा बदलायला लागली. नुसतं 'टॉर्नेडोचा इशारा' असं न म्हणता काय होईल ते स्पष्ट शब्दांत लिहायचं. त्याच वर्षी फोनवर थेट इशारे सुरू झाले. यात सेल ब्रॉडकास्ट वापरतात: टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम ओरडून सांगतो, नंबर लागत नाही, नेटवर्क तुंबलं तरी अडत नाही. २०२३ मध्ये आपले फोन अचानक भोंग्यासारखे वाजले होते आठवतं? दूरसंचार विभागाची चाचणी होती ती, तंत्र हेच. मीम्स भरपूर आले होते. पण इथेही तोच धोका आहे: चाचण्या आणि किरकोळ पावसाचे इशारे फार झाले की लोक सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाकतात.

शेवटी फिल कॅम्बेलबद्दल दोन गोष्टी राहिल्या. हे गावाचं नाव, एका रेल्वेवाल्या माणसावरून पडलेलं. त्या जूनमध्ये गावाच्या शंभरीनिमित्त जगभरातल्या 'फिल कॅम्बेल' नावाच्या लोकांनी तिथे जमायचं गमतीत ठरवलं होतं. टॉर्नेडोनंतर त्यांनी बेत रद्द केला नाही. पैसे गोळा केले आणि मदतीला आले.

दुसरी गोष्ट कागदांची. वादळानंतर लोकांना अंगणात अनोळखी फोटो, चेक, शाळेची प्रमाणपत्रं पडलेली सापडायला लागली. एका बाईंनी त्यासाठी फेसबुक पेज काढलं: सापडलेल्या वस्तूचा फोटो टाका, ज्याची असेल तो ओळखेल. जॉर्जिया विद्यापीठाच्या जॉन नॉक्स यांच्या गटाने त्या पेजवरून ९३४ वस्तूंचा प्रवास शोधून काढला, कुठून उडाली आणि कुठे पडली. सगळ्यात लांब गेलेला एक फोटो होता. फिल कॅम्बेलमधून उडालेला, ३५३ किलोमीटरवर टेनेसी राज्यात सापडला.