केनमेअरच्या खाडीत
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी "आयर्लंडची हकीकत सांगा" म्हणून गळ घातली तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी सातवी शिकलेली बाई. चारचौघींत उभी राहिले की पाय कापतात. तेव्हा बाई म्हणाल्या, "समुद्रात उतरताना कापले नाहीत, मग इथे काय?" तेव्हाही कापले होते, हे त्यांना ठाऊक नाही.

माझी थोरली बहीण २०२१ साली करोनात गेली. तिची मुलगी आयर्लंडात कॉर्क शहरी एका इस्पितळात नर्स आहे. तिचे बाळ नऊ महिन्यांचे झाले, रजा संपली, नवराबायकोच्या कामाच्या पाळ्या जुळेनात. "मावशी, तीन महिने येशील का?" एवढेच ती फोनवर म्हणाली. आई असती तर आईलाच बोलावले असते, हे ती बोलली नाही आणि मीही बोलले नाही. गेल्या वर्षी जूनच्या आरंभी मी गेले. जून ते ऑगस्ट हा तिथला उन्हाळा. त्या उन्हाळ्यात मी दोन स्वेटर घालून भाकऱ्या थापल्या, यावरून काय ते समजा.

भाचीला तिहेरी शर्यतीचा नाद. आधी पोहायचे, बाहेर येऊन सायकल मारायची आणि सायकल ठेवून धावायचे. याला ट्रायथलॉन म्हणतात. यातली लांब पल्ल्याची जी नावाजलेली शर्यत, ती १९७८ साली हवाई बेटांवर सुरू झाली. पंधरा पुरुष निघाले, बारा पोचले. दुसऱ्या वर्षी लिन लमेअर नावाची एक बाई उतरली आणि सगळ्यांत पाचवी आली. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीला आला, तेव्हा पहिली शर्यत बायकांचीच झाली. हे सगळे भाची मला कणीक मळता मळता सांगायची.

तिने नाव घातलेली शर्यत ऑगस्टच्या अखेरीस, केनमेअर या गावी. १.९ किलोमीटर पोहणे, ८३ किलोमीटर सायकल, २१ किलोमीटर धावणे. एकट्याने सगळे करावे, नाहीतर तिघांनी मिळून वाटून घ्यावे. यांचा तिघींचा चमू होता. पोहायला भाची, सायकलला तिच्याबरोबरची एक आयरिश नर्स, धावायला कोट्टयमची एक मुलगी. केरळच्या नर्सेस तिकडे पुष्कळ.

सरावाला भाची कॉर्कजवळ मर्टलव्हिलच्या किनाऱ्यावर जाई. मी बाळाला घेऊन वाळूत बसे. तिथे ज्या बायका पोहायला येत त्या पाहून मी थक्क झाले. सत्तरीच्या, पंचाहत्तरीच्या! टॉवेल गुंडाळून कपडे बदलायच्या, पाण्यात शिरायच्या, बाहेर येऊन थरथरत चहा प्यायच्या आणि घरी जायच्या. कोणी कोणाच्या अंगाकडे बघत नसे. एके दिवशी त्यांतल्या एका आजीबाईंनी मला खुणेने विचारले, "तू नाही येत?" मी मान हलवली. पण त्या रात्री झोप लागली नाही.

कारण मला पोहता येत होते.

माझी आई आटपाडीकडची. १९७२ च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची होती आणि सरकारी कामावर खडी फोडत होती. तिने सबंध लहानपणी घागरीपेक्षा जास्त पाणी एका ठिकाणी पाहिले नव्हते. लग्न होऊन कृष्णाकाठी आली, नदी पाहिली आणि घाटावर बसून रडली म्हणे. मग दिरांकडे बघून बघून पोहायला शिकली आणि आम्हां दोघी बहिणींना पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून पाण्यात ढकलले. दहाव्या वर्षी आम्ही या काठावरून त्या काठाला जात होतो. लग्नानंतर ते सुटले. सासरी मला कोणी मना केले असे नाही. सासूबाई आता नाहीत, त्यांच्यावर उगाच आळ घालणार नाही. मी कधी विचारलेच नाही, हे खरे. नदी घरापासून दहा मिनिटांवर आणि पंचवीस वर्षे मी तिच्यात धुणे तेवढे धुतले. माझ्या मुलीलाही शिकवले नाही. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला आणि ब्रह्मनाळला नाव उलटली. त्या नावेतल्या बायामुलांची आठवण इथे कोणाला करून द्यायला नको. त्या आठवड्यात मुलीला घेऊन माळ्यावर बसले होते. खाली पाणी चढत होते आणि मनात एकच, हिला का नाही शिकवले?

दोन दिवसांनी मी भाचीचा जुना पोशाख मागितला आणि मर्टलव्हिलला उतरले. पाणी असे गार की छातीत श्वास अडकला. दहा हात गेले नि परत आले. आजीबाईंनी आपल्या थर्मासमधला चहा मला दिला. मी पाण्यात होते तेवढा वेळ बाळ भाचीकडे, ती पाण्यात तेव्हा माझ्याकडे, असे सुरू झाले.

जुलैच्या मध्यावर रोग्याला उचलताना भाचीचा खांदा दुखावला. डॉक्टरांनी दोन महिने पोहणे बंद केले. तिघींचे पैसे भरलेले. चौथी कोणी मिळेना. जेवताना भाची म्हणाली, "मावशी, तूच उतर." मी हसले. ती हसली नाही.

घरी फोन केला. हे ऐकून घेऊन गप्प राहिले. दोन दिवस फोनवर भाजी-आमटीचेच बोलणे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "एवढ्या लांब जाऊन बुडू नको म्हणजे झाले." ही परवानगी समजावी की नाही हे मला आजही कळलेले नाही, पण मी ती परवानगीच धरली. (समोर बसलेत, हसताहेत.)

सहा आठवडे मिळाले. तीन दिवस समुद्र, दोन दिवस शहरातला पोहण्याचा तलाव. तलावाची लांबी पंचवीस मीटर, म्हणजे १.९ किलोमीटरला ७६ फेऱ्या. मला मोजदाद राहीना. शेवटी खळ्यावर धान्य मोजतात तसे 'लाभ, दोन, तीन' करीत मोजू लागले तेव्हा चुकायचे थांबले. हात मारण्याची नवी तऱ्हा काही मला साधली नाही. मी आपली बेडकासारखी पोहते. नियमात तसे चालते. मात्र रबरी पोशाख हवाच, थंड पाण्यात तो सक्तीचा. तो अंगावर चढवायचा म्हणजे उशीच्या अभ्र्यात गादी कोंबायची. भाची एका हाताने ओढायची आणि मी उड्या मारायची. मानेला व्हॅसलीन लावले नाही तर कातडी सोलवटून निघते, हे पहिल्याच दिवशी कळले.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही मोटारीने केनमेअरला गेलो आणि सायकलचा रस्ता पाहून आलो. आयरिश मुलगीच मोटार चालवीत होती. हा सगळा बेआरा नावाच्या द्वीपकल्पाचा मुलूख. केनमेअरहून निघाले की काहा घाट लागतो. डोंगर फोडून काढलेले बोगदे आहेत, आत दिवा नाही, वरून पाणी ठिबकते. मग ग्लेनगॅरिफ, अ‍ॅड्रिगोल, आणि तिथून हीली घाट. आपला कुंभार्ली घाट आठवावा अशी वळणे, पण झाड एक नाही. नुसता दगड, गवत आणि रस्त्यात निवांत बसलेली मेंढरे. माथ्यावर तीनशे मीटरच्या वर गेल्यावर एकीकडे बँट्रीचा उपसागर आणि दुसरीकडे खोल खाली ग्लॅनमोरचे तळे. मी कितीतरी देखावे कॅलेंडरावर पाहिलेत, पण असे गप्प बसवणारे ठिकाण पाहिले नव्हते.

मी म्हटले, "काय सुंदर रस्ता केलाय!" तर ती मुलगी म्हणाली, "हा भुकेल्या माणसांनी केलाय." बटाट्यावर रोग पडून १८४५ पासून तिकडे मोठा दुष्काळ पडला. दहा लाखांच्या आसपास माणसे मेली, तितकीच देश सोडून गेली. १८४७ साली हा रस्ता दुष्काळी काम म्हणून काढला. अंगात त्राण नसलेली माणसे दगड वाहत होती. घाटाला टिम हीली या पुढाऱ्याचे नाव पुढे पडले, रस्ता त्या माणसांचा. मी तिला माझ्या तोडक्या इंग्रजीत सांगितले, "माय मदर, सेम वर्क." तिला आधी कळले नाही. भाचीने समजावून सांगितल्यावर तिने मोटार कडेला घेतली आणि माझा हात धरून बसली. उद्या याच घाटावर ती सायकल मारणार होती.

संध्याकाळी गावात केनमेअरची लेस पाहिली. दुष्काळानंतर, १८६१ मध्ये आलेल्या जोगिणींनी गरीब मुलींना सुईची लेस विणायला शिकवली, पोटाला धंदा दिला. आपल्या शिवणवर्गाच्या बाईंनी ते काम पाहायला हवे होते. सुईचा टाका दिसत नाही.

आता पोहण्याचे. सकाळी आम्ही धक्क्यावर उभे राहिलो. शेकडो माणसे, सगळी काळ्या रबरात, डोक्यावर रंगीत टोप्या. घोट्याला एक पट्टा बांधतात, त्यात वेळ नोंदवणारी चकती. हा पट्टा मी बाहेर येऊन सायकलवालीच्या पायाला बांधायचा आणि तिने धावणारीच्या. माझे पाय लटपटत होते ते थंडीने, असे मी स्वतःला सांगितले.

शिटी झाली आणि पाणी उकळल्यासारखे झाले. कोणाचा हात पाठीवर, कोणाचा पाय तोंडावर. माझा चष्मा सरकला, आत खारे पाणी गेले, नाकातोंडात पाणी, आणि श्वास मिळेना. खरे सांगते, त्या क्षणी मला वाटले, संपले. ब्रह्मनाळच डोळ्यांपुढे आले. ओरडायला तोंड उघडवेना.

मग कोण जाणे कसे, अंग आपोआप उताणे झाले. आई आम्हांला सगळ्यात आधी तेच शिकवायची. घाबरलीस की उताणी पड, आभाळाकडे बघ, पाणी धरून ठेवते. आभाळ राखाडी होते. मी पाच-सहा श्वास घेतले. एक पोरगेलासा मुलगा छोटी होडी घेऊन जवळ आला, त्याने विचारले, "ओके?" होडी धरून विसावा घेतला तर चालते, तिच्या आधाराने पुढे मात्र जायचे नसते. मी होडी धरली नाही. चष्मा ओतला, घातला, म्हटले, "ओके." तोवर सगळा घोळका पुढे गेला होता आणि माझ्यापुढे मोकळे पाणी होते.

त्यानंतरचे फार सांगण्यासारखे नाही. लाभ, दोन, तीन. मोठे पिवळे फुगे बांधलेले असतात, त्यांना वळसा घालायचा. मधेच डोके वर काढून फुगा बघायचा, सुसरीसारखे. दोन्ही अंगांना डोंगर, अंगाखाली काळे पाणी आणि पायाला गुदगुल्या करणारी शेवाळ. परतताना ओहोटीने ओढ लागली तेव्हा कृष्णेत धारेला कसे तिरके कापायचो ते उपयोगी आले. एका जागी मला एकदम हसू आले. आपण पंचेचाळीस वर्षांच्या, दोन मुलांची आई, बेआराच्या पाण्यात काय करतो आहोत!

एक तास चार मिनिटांनी बाहेर आले. माझ्यामागे तिघेच होते. सायकली ठेवण्याच्या कठड्यांवर पाचसात सायकली उरलेल्या आणि त्यांतल्या एकीजवळ आमची आयरिश मुलगी टोप घालून, पट्टा आवळून उभी. टोपाचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, असा नियम आहे. माझी बोटे गारठून वाकेनात. पट्टा सुटेना. शेवटी तिनेच खाली बसून माझ्या पायाचा सोडला आणि आपल्या पायाला बांधला. "घाटात तुझ्या आईची आठवण काढीन," असे काहीतरी म्हणून गेली.

तिने चार तासांच्या आत फेरी पुरी केली, कोट्टयमच्या मुलीने पावसात धाव संपवली. तिघींना एकेक पदक मिळाले. बक्षीस नव्हे हो, पोचणाऱ्या प्रत्येकाला देतात. मी ते बाळाच्या गळ्यात घातले, त्याने चोखून पाहिले.

रात्री आईला फोन लावला. सगळे सांगितले, रस्त्याचेही सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पाणी लई गार हुतं का गं?"

"हो आई."

"आणि लेकरू कुणापाशी ठेवलं हुतंस?"