चेक इंजिनचा दिवा, एक कॉइल आणि एक दात

आज जावास्क्रिप्ट नाही, आज आमची जुनी गाडी.

आमचं घर कासारसाईला. धरणामुळे किंवा साखर कारखान्यामुळे नाव ऐकलं असेल. मी रोज बाइकवर हिंजवडीला जातो. घरची गाडी म्हणजे २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर. ती पप्पा चालवतात, कारण आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला चिंचवडला न्यावं लागतं. म्हणजे ही गाडी बंद पडून चालतच नाही.

दिवाळीनंतर एका गॅरेजमध्ये टायमिंग बेल्ट बदलून घेतला. त्यानंतर पप्पा म्हणायला लागले, "पिकअप गेलाय रे." मी म्हटलं, वय झालं गाडीचं. मग एकदा मी आजीला घेऊन निघालो. पुढे उसाची ट्रॉली, चढ, गाडी दुसऱ्या गिअरला, आणि इंजिन थरथरायला लागलं. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला नाही, लुकलुकायला लागला.

हे लक्षात ठेवा. दिवा स्थिर असेल तर लवकर दाखवून घ्या. लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या. कारण मिसफायर, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'मिसिंग' म्हणतात ते, इतकं होतंय की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे तापतंय. तो गेला की मोठा खर्च. मी मात्र तसाच पुढे गेलो. मागे आजी होती, डायलिसिसची वेळ ठरलेली होती. तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही.

रात्री ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल लावला. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ओबीडीचा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला, आणि मिसफायर ओळखणं त्यात येतं. त्यामुळे २०१४ च्या गाडीत हे कोड मिळतात, त्याआधीच्या गाडीत मिळतीलच असं नाही. मला दोन मिळाले: पी०३०२ आणि पी०३००. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे दोन नंबर मिस होतोय. आणि ३०० म्हणजे एकच असा नाही, कुठलेही होतायत.

मी ३०० कडे दुर्लक्ष केलं. दोन नंबरची कॉइल काढून तीनला लावली, तीनची दोनला. कोड पी०३०३ झाला. म्हणजे दोष कॉइलसोबत सरकला, कॉइल खराब. ही अदलाबदल फुकटात होते आणि खरंच भारी आहे. काहीही विकत घेण्याआधी करा. नवी कॉइल टाकली, कोड पुसले, स्वतःवर खूश होऊन झोपलो.

चार दिवसांनी पी०३०० परत. आता प्लग बदलले, इंजेक्टर क्लीनर टाकला. पैसे गेले, थरथर तीच. एका ठिकाणी सांगितलं, "इंजिन उघडावं लागेल." पप्पा भंगारवाल्याचा नंबर शोधायला लागले. विचार करा, एक बग सापडला की आपल्याला वाटतं तोच बग होता. ऑफिसात मी ज्युनिअर पोरांना यावरूनच बोलतो!

शेवटी फाट्याजवळच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिक काकांकडे गेलो. मी कोडची यादी वाचून दाखवायला लागलो तर म्हणाले, "ते ठेव बाळा. शेवटचं उघडलं काय होतं ते सांग." बेल्ट, म्हटलं. "मग बेल्टपासून बघू की."

त्यांनी आधी कॉम्प्रेशन मोजलं. चारही सिलिंडर १३५ ते १४० पीएसआय, असायला हवं होतं १८० च्या आसपास. इथे काका हसले. एखादाच सिलिंडर कमी असता तर व्हॉल्व किंवा रिंग म्हटलं असतं. चारही सारखेच कमी, म्हणजे सगळ्यांचं जे एकच आहे तिथे बघायचं: कॅमशाफ्ट.

कॅमशाफ्ट व्हॉल्व उघडतो आणि बंद करतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा त्याचा एक होतो, आणि हे नातं बेल्टचे दात सांभाळतात. आमच्या क्रँकच्या पुलीला २० दात, म्हणजे एक दात हुकला की १८ अंशांचा फरक. कॅम मागे राहिला की इनटेक व्हॉल्व उशिरा बंद होतो. पिस्टन वर येताना आत घेतलेली हवा थोडी परत ढकलून देतो. कॉम्प्रेशन घटतं, कमी आरपीएमला जळण नीट होत नाही. जास्त आरपीएमला मात्र गाडी बरी वाटते. डोंगलवरही ते दिसत होतं: आयडलला मॅनिफोल्डचं प्रेशर ४५ केपीए, जे गरम इंजिनात ३० ते ३५ हवं. मी तो आकडा पाहिला होता, पण लाल अक्षरात नव्हता म्हणून सोडून दिला. क्रँक आणि कॅम जुळत नाहीत हे सांगणारा पी००१६ कोडही आला नव्हता. एका दाताचा फरक आमच्या ईसीयूने चालवून घेतला.

काकांनी वरचं कव्हर काढलं, पान्याने क्रँक फिरवून खालची खूण जुळवली. कॅमच्या पुलीची खूण बरोब्बर एक दात मागे. अजून दोन-तीन दात हुकले असते तर? आमचं इंजिन असं आहे की पिस्टन थेट व्हॉल्ववर आपटला असता. मी त्याच गाडीत आजीला नेत होतो.

बेल्ट सैल करून बसवला, ताण दिला, आणि स्टार्टर मारायच्या आधी काकांनी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवला. मी मध्येच चावी घ्यायला गेलो तर ओरडले, "थांब! कुठं अडकतंय का ते हाताला कळतं, स्टार्टरला नाही." दोन फेऱ्यांनंतर खुणा परत जुळल्या. मग चावी. डोंगलवर ३३ केपीए.

काकांनी मजुरी सांगितली, माझ्या प्लगपेक्षा कमी. पप्पांनी गाडी धरणाच्या चढावर नेली, तिसरा गिअर बदललाच नाही. खाली आल्यावर काही बोलले नाहीत, फोनमधून भंगारवाल्याचा नंबर तेवढा काढून टाकला.